पाडायला एक इमारत पाहिजे

“तीन गुण कमी पडतायत,” कैवल्य अभ्यंकर म्हणाला आणि त्याने लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. ते तीन गुण पडद्यावर कुठेतरी दडून बसलेत आणि सगळ्यांनी मिळून शोधले तर सापडतील, असा त्याचा चेहरा होता.

खटकाळे नगरपरिषदेच्या बांधकाम उपसमितीची ती बैठक होती. टेबलाशी पाच जण होतो. नगराध्यक्ष बबनतात्या मोहोळकर, मुख्याधिकारी खैरमोडे साहेब, हेडक्लार्क उमराणीकर, पुण्याहून आलेला सल्लागार कैवल्य आणि मी. मी कनिष्ठ अभियंता, नोकरीला अकरा महिने झालेले, बारा झाले की कायम होणार होते. या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली.

विषय होता परिषदेच्या नव्या प्रशासकीय इमारतीचा. साधी इमारत नव्हे, हरित इमारत. तिला मानांकन मिळणार होतं. साठ गुणांना सुवर्ण, पन्नासला रौप्य. आम्ही सत्तावन्नवर अडकलो होतो.

“रौप्य घ्या की मग,” खैरमोडे साहेब म्हणाले. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं होती आणि कोणतीही गोष्ट दोन वर्षांच्या आत संपावी एवढीच त्यांची अपेक्षा असे.

“रौप्य शेजारच्या तालुक्यानं घेतलंय,” तात्या म्हणाले.

कैवल्यने यादी पुन्हा वरपासून वाचली. छतावर सौर पॅनेल, झाले. पावसाचं पाणी साठवणं, झालं. सायकलींसाठी शेड, झाली. विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठी सहा राखीव जागा, झाल्या. गावात तेव्हा विजेवर चालणारी एकही गाडी नव्हती. पण गुण गाड्यांना नव्हते, जागेला होते.

“इथे आपण शून्य आहोत,” त्याने एका ओळीवर बोट ठेवलं. “पाडकामातून निघालेल्या साहित्याचा पुनर्वापर. पूर्ण तीन गुण.”

“म्हणजे जुनं सामान?” तात्यांनी विचारलं.

“म्हणजे बघा सर, सिमेंट भाजताना, सळई वितळवताना, दगड फोडून आणताना भरपूर ऊर्जा लागते. इमारतीत पहिला दिवा लागायच्या आधीच तिचा निम्म्याहून अधिक धूर होऊन गेलेला असतो. तो परत मिळत नाही. म्हणून आधी एकदा वापरलेला दगड, वीट पुन्हा वापरली की नवा धूर होत नाही. त्याचे गुण.”

हे तो अगदी बरोबर सांगत होता. म्हणून मी माझा कागद पुढे केला. दोन रविवार बसून मी तो तयार केला होता. नव्या इमारतीचं सिमेंट, सळई, काच, ॲल्युमिनियम आणि फरशी बनवताना नि वाहून आणताना सुमारे एक हजार दहा टन कार्बन हवेत जाणार होता. चालू कार्यालयाच्या विजेपायी वर्षाला चौदा टन जात होता. नवी इमारत उद्यापासून विजेचं एक युनिटही न घेता चालली, तरी आधीचा हिशोब फिटायला बहात्तर वर्षं लागणार होती. इमारतीचं आयुष्य कागदावर साठ वर्षं धरलं होतं.

“आणि चालू कार्यालयाला काही झालेलं नाही,” मी म्हणाले. “गच्ची गळते, ती दुरुस्त होईल.”

तात्यांनी कागद हातात घेतला, लांब धरला, मग जवळ आणला. “पण बाई, बहात्तर वर्षांनी का होईना, फायदाच ना?”

“तोवर इमारत नसेल तात्या.”

“आपण नसू. इमारत असंल. आपण काय फक्त आपल्यापुरतं बघायचं का?”

खैरमोडे साहेबांनी कागद घेऊन फाइलीत सगळ्यात खाली सरकवला. “फडतरे मॅडम, अभ्यास चांगला आहे. पण विषय तीन गुणांचा चाललाय. आपली नवी जागा मोकळं माळरान आहे. तिथं पाडायला काही नाही, म्हणून जुनं साहित्य नाही.”

“तोच तर प्रॉब्लेम आहे सर,” कैवल्य म्हणाला.

मी पंचवीस वर्षांची होते आणि माझे दोन रविवार फाइलीच्या तळाशी गेले होते. मी म्हणाले, “मग एखादी धडधाकट इमारत शोधा आणि पाडा. राडारोडा निघेल, तीन गुण मिळतील, पर्यावरण वाचेल.”

कुणी हसलं नाही. कैवल्यने मान तिरपी करून पडद्याकडे पाहिलं. खैरमोडे साहेब छताकडे बघत राहिले. फक्त उमराणीकरांचं पेन चालू होतं.

चार दिवसांनी इतिवृत्त टाइप होऊन माझ्या टेबलावर आलं. चौथा परिच्छेद असा होता : ‘कनिष्ठ अभियंता श्रीमती फडतरे यांनी परिषदेच्या मालकीची सुस्थितीतील एखादी इमारत पाडून निघालेले साहित्य नवीन इमारतीत वापरावे, जेणेकरून पर्यावरणाचे रक्षण होईल, असे सुचविले. सूचना सर्वानुमते मान्य.’

मी तो कागद घेऊन उमराणीकरांकडे गेले. ते बत्तीस वर्षं इतिवृत्तं लिहीत होते. समोर कोण भांडतंय, कोण उठून चाललंय, कशाचीही दखल न घेता खाली मान घालून लिहायचे. परिषदेत जे बोललं गेलं ते त्यांच्या वहीत असे. वहीत नसेल ते बोललंच गेलेलं नसे.

“भाऊसाहेब, मी हे टोमणा म्हणून बोलले होते.”

“पण बोललात ना?”

“हो, पण...”

“मॅडम, इतिवृत्तात आवाज येत नाही. माणूस हसत बोललं, रडत बोललं, खुर्ची आपटून बोललं, मी ‘सुचविले’ असंच लिहितो. नाहीतर सन एकोणऐंशीपासूनची सगळी दप्तरं फाडावी लागतील.” त्यांनी चष्मा पुसला. “आणि वाईट काय आहे त्यात? तुमच्या नावावर पहिली सूचना मान्य झालीय. ठेवा जपून.”

तोपर्यंत खैरमोडे साहेबांनी परिषदेच्या इमारतींची यादी काढली होती. एकूण सात. त्यांतल्या पाचांवर कुणाच्या ना कुणाच्या वडिलांचं नाव होतं, त्या पाडण्याचा प्रश्न नव्हता. सहावी म्हणजे मासळी बाजाराचे गाळे. ते तीन वर्षांपूर्वी बांधून झाले होते, पण उद्घाटन राहिलं होतं. उद्घाटनाआधी पाडणं बरं दिसलं नसतं. सातव्या इमारतीला कुणाचंच नाव नव्हतं. तिला सगळे गुरांचा दवाखाना म्हणत.

“दवाखाना सरकारी आहे, पण इमारत आपली आहे,” साहेब म्हणाले. “तुम्ही पाहणी करा आणि निर्लेखनाचा दाखला द्या.”

निर्लेखन म्हणजे इमारत दप्तरातून काढून टाकणं. त्यासाठी अभियंत्याची सही लागते. परिषदेत अभियंता एकच होता.

गुरांचा दवाखाना बाजारपटांगणाच्या कडेला होता. काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली बैठी इमारत, दारावरच्या दगडात १९३४ कोरलेलं. मी पोचले तेव्हा अंगणातल्या लाकडी खोड्यात एक म्हैस उभी होती आणि डॉ. शिकलगार खांद्यापर्यंत हात तिच्या आत घालून डोळे मिटून उभे होते.

“पाच मिनिटं बसा. गाभण आहे की नाही एवढं बघतो,” ते म्हणाले. म्हशीचा मालक दोन्ही हातांनी तिची दोरी धरून उभा होता. “आहे. तीन महिने. जा, पेढे वाट.”

मालक म्हशीला आधी आणि डॉक्टरांना नंतर हात लावून गेला.

मी आले कशासाठी ते सांगितलं. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, मग विचारलं, “पाडणार म्हणजे दुरुस्तीसाठी?”

“दगडासाठी.”

“दगडासाठी,” ते म्हणाले आणि पुसलेले हात पुन्हा पुसले.

दवाखान्याखाली चौतीस गावं होती. पुढचा दवाखाना सव्वीस किलोमीटरवर, घाटाच्या पलीकडे. “आजारी माणूस एसटीनं जाईल,” शिकलगार म्हणाले. “अडलेली गाय एसटीत बसत नाही. इथं यायचं तर चालत येते. इथनं पुढं चालवली तर वाटेतच मरते. बास, एवढंच आहे. बाकी तुमचं काय ते तपासा.”

मी तपासलं. भिंती दोन फूट जाडीच्या. चारही कोपऱ्यांना ओळंबा लावला, कुठे अर्धा इंचही झुकलेलं नव्हतं. दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यांत खिळा ठोकायचा प्रयत्न केला, खिळा वाकला. छताची सागवानी तुळई टाचणीने टोचून पाहिली, वाळवी नव्हती. दोन दिवस मोजमापं घेतली आणि दाखल्यावर जे खरं होतं ते लिहिलं : ‘इमारत सुस्थितीत. दगडकाम उत्कृष्ट. आणखी किमान साठ वर्षे टिकेल. निर्लेखनास कोणतेही तांत्रिक कारण नाही.’ खाली सही केली. नोकरीतली माझी ती पहिली महत्त्वाची सही होती. आता प्रकरण मिटलं असं समजून मी त्या दिवशी वेळेवर घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कैवल्यचा फोन आला. तो आनंदाने ओरडत होता.

“मॅडम, कमाल केलीत! नुसता राडारोडा असता तर तीन गुण. पण ज्या साहित्याचं उरलेलं आयुष्य पन्नास वर्षांच्या वर आहे असा अभियंत्याचा दाखला आहे, त्याला दोन जादा! आपण बासष्टवर गेलो. काठावरचं सुवर्ण नाही, दणदणीत सुवर्ण!”

“कैवल्य, इमारत चांगली आहे म्हणून ती पाडायची?”

“चांगली आहे म्हणूनच. मोडकळीला आली असती तर त्या दगडाचा काय उपयोग?”

“पण ती उभी आहे तोवर एक ग्रॅम कार्बन वाढत नाही. जो धूर व्हायचा तो चौतीस साली होऊन गेला. ती ठेवली, याचे गुण किती?”

पलीकडे कीबोर्ड वाजला. तो प्रामाणिक मुलगा होता, त्याने खरंच शोधलं. “उभ्या इमारतीसाठी रकाना नाहीये मॅडम. पाडली की मग ती फॉर्ममध्ये येते.”

मी खैरमोडे साहेबांकडे गेले. त्यांना म्हणाले, तांत्रिक कारण नाही असं मी स्पष्ट लिहिलंय.

“वाचलं ना,” ते म्हणाले. “म्हणून तर आपण तांत्रिक कारण घेतलंच नाही. खालच्या रकान्यात ‘व्यापक लोकहित’ असं आहे, त्यावर टिक केली. मॅडम, तुमचा दाखला नसता तर अडचण झाली असती. लोक म्हणाले असते, पडकं सामान वापरलं.” मग त्यांनी आवाज खाली घेतला. “पंधरा तारखेला सर्वसाधारण सभा आहे. त्याच महिन्यात तुमच्या कायम होण्याचा कागद माझ्याकडे येतो. दोन्ही विषय आनंदात होऊ देत.”

त्या दुपारी मी पुन्हा दवाखान्यात गेले. शिकलगार एका बैलाच्या खुरातला खिळा काढत होते. बैलाचा मालक बैलाच्या कानाशी काहीतरी पुटपुटत होता. खिळा निघाल्यावर त्यांनी तो मालकाच्या हातावर ठेवला आणि माझ्याकडे वळले.

“दाखला दिलात म्हणे. इमारत ठणठणीत आहे म्हणून.”

“हो.”

“आणि म्हणून पाडणार.”

“हो.”

ते हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. “आमच्याकडं पण असतंय. चांगला बोकड असला की त्याचं लवकर होतं.”

“मी दाखला बदलते. इमारत धोकादायक आहे असं लिहिते.”

“मग धोकादायक म्हणून पाडतील. त्यात माझा काय फायदा?”

ते बरोबर होतं. चांगली म्हटली तर दगडासाठी पाडणार, वाईट म्हटली तर धोक्यासाठी. आम्ही दोघं ओट्यावर बसलो. त्यांनी चहा मागवला.

“मला सांगा,” ते म्हणाले, “तो दगड त्यांना नकोसा व्हायला काय पाहिजे? इमारत नको, दगड नकोसा.”

“दगडात दोष पाहिजे.”

“दगडात दोष नाही. पण दगडाला काय लागलंय, ते मी सांगू शकतो.” ते उठून आत गेले आणि एक जाड, उसवलेलं रजिस्टर घेऊन आले. पानं उलटत एका ठिकाणी थांबले. “हे बघा. सन अडुसष्ट. एक खोंड, फाशी रोगानं याच अंगणात मेलं. त्या वेळच्या डॉक्टरांनी चुना टाकून पुरलं, नीट पुरलं असणार. पण फाशीचे जंतू मातीत पन्नास पन्नास वर्षं झोपून राहतात. हे मी नाही सांगत, पुस्तकात आहे. माणसालाही होतो तो.”

“म्हणजे या भिंतीत ते जंतू आहेत?”

“मला काय माहीत? कुणालाच माहीत नाही. असतील असं मला वाटत नाही. मी सोळा वर्षं इथं बसून भाकरी खातोय.” त्यांनी रजिस्टर मिटलं. “मी खोटं एक अक्षर लिहिणार नाही मॅडम. पण खरं किती लिहायचं, ते माझ्या हातात आहे.”

त्यांनी तिथेच बसून पत्र लिहिलं. अडुसष्ट सालची नोंद, जंतूंचं आयुष्य, आणि शेवटी : ‘इमारत उभी असेपर्यंत कोणताही धोका संभवत नाही. तथापि पाडकाम केल्यास वा दगड अन्यत्र मानवी वापरातील वास्तूत बसविल्यास होणाऱ्या परिणामांची जबाबदारी या कार्यालयाची राहणार नाही.’

सही करण्याआधी ते थांबले. “हे कोण वाचणार?”

“खैरमोडे साहेब आणि तो सल्लागार. मग फाइलीत लागेल.”

“नक्की?”

“नक्की.”

“विचारतो अशासाठी, की माझ्याकडं येणारा माणूस एकच म्हैस घेऊन येतो. त्याच्या घरी दुसरी नसते. तो जर घाबरला तर पुन्हा येणार नाही.”

“फाइलीतच राहील डॉक्टर.”

त्यांनी सही केली, शिक्का मारला, शिक्क्यावर फुंकर मारली आणि कागद मला दिला.

पंधरा तारखेच्या सभेत विषय क्रमांक नऊ आला तेव्हा उमराणीकर उभे राहिले. परिषदेची एक जुनी पद्धत होती. सभेपुढच्या विषयाच्या फाइलीत असलेलं प्रत्येक पत्र पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत मोठ्याने वाचायचं. अनुदानाचं असो, कुत्र्यांच्या तक्रारीचं असो. त्यांचा आवाज खणखणीत होता. मागच्या बाकांवर वर्तमानपत्रांचे दोन वार्ताहर बसले होते, तेही नेहमीचेच.

“...सदर जनावर फाशी रोगाने मृत झाल्याची नोंद असून...” उमराणीकर वाचत होते.

“थांबा, थांबा,” तात्या म्हणाले. “हा दगड नव्या इमारतीत कुठं बसणार होता?”

कैवल्यने नकाशा पाहिला. “दर्शनी भिंतीला सर. आणि अध्यक्षांच्या दालनाला आतून. तो आपला खास टच होता.”

“माझ्या दालनाला? आतनं?”

“उघडा दगड. सुंदर दिसतो.”

“दगड सुंदर दिसंल हो. मी कसा दिसंन?” तात्यांनी रुमाल काढून मान पुसली. “मी तिथं रोज आठ तास बसायचं, आणि पाठीमागं ते खोंड!”

एका सदस्याने विचारलं, “दगड धुऊन घेतला तर?”

“तू धू,” तात्या म्हणाले.

दुसऱ्याने सुचवलं की तो दगड अध्यक्षांच्या ऐवजी विरोधी पक्षनेत्यांच्या दालनाला लावावा. उमराणीकरांनी तेही लिहून घेतलं. अर्ध्या तासात दवाखान्याला हात लावायचा नाही असं सर्वानुमते ठरलं. तीन गुण मात्र हवेच होते. त्यामुळे मासळी बाजाराचे गाळे पाडण्याचा ठराव झाला. नवंकोरं सिमेंट आणि सळई होती. सुवर्ण साठ गुणांवर बसलं, काठावर. तीन वर्षांपूर्वी त्या गाळ्यांसाठी जो धूर झाला होता तो कोणत्याच फॉर्ममध्ये नव्हता. बाहेर पडताना खैरमोडे साहेब मला म्हणाले, “बघा, झालं ना आनंदात.” पुढच्या आठवड्यात मी नोकरीत कायम झाले.

सभा संपल्या संपल्या मी दवाखान्याकडे निघाले होते, बातमी सांगायला. वाटेत त्या दोन वार्ताहरांपैकी एक भेटला. त्याने विचारलं, “मॅडम, फाशीला इंग्रजीत काय म्हणतात हो?”

मी तिथूनच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात पहिल्या पानावर होतं : ‘गुरांच्या दवाखान्यात जीवघेण्या रोगाचे जंतू?’ प्रश्नचिन्ह लहान होतं. सोमवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, दवाखान्याच्या अंगणात एरवी चाळीस-पन्नास जनावरं असत. त्या सोमवारी एक शेळी होती, आणि तिचा मालक परगावचा होता. त्याच्या पुढच्या सोमवारी तीही नव्हती. शिकलगार ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाका मारून सांगत होते की काही नाही, मी सोळा वर्षं इथं भाकरी खातोय. लोक लांबूनच रामराम करून पुढे जात. पत्रावर सही त्यांचीच होती.

महिन्याभराने त्यांच्या खात्याचं पथक आलं. मातीचे, भिंतीच्या चुन्याचे नमुने नेले. त्यांत काही सापडलं नाही. तो अहवाल यायला पाच महिने लागले आणि तो कुठल्या सभेत वाचला गेला नाही, कारण तो कुठल्या विषयाच्या फाइलीत नव्हता. तोवर खात्याने दवाखाना माळवाडीला हलवला होता, चौदा किलोमीटरवर, रस्त्याकडेच्या दोन भाड्याच्या गाळ्यांत. त्याला लोखंडी शटर होतं आणि खोडा बसवायला अंगण नव्हतं. इमारतीला आम्ही कुलूप लावलं. विजेचा मीटर काढून नेला. पाण्याचं कनेक्शन तोडलं. ती सगळी पत्रं माझ्याच सहीने गेली.

पत्रं मोठ्याने वाचायची पद्धत मला माहीत होती. अकरा महिन्यांत मी नऊ सभांना बसले होते. शिकलगारांना ‘नक्की’ म्हणताना ती मला आठवली नाही, असं मी पुढे बरीच वर्षं लोकांना सांगत आले. आठवली होती. एवढंच की दगड वाचवायला तो कागद त्या सभेत वाचला जाणं मला हवंच होतं.

नवी इमारत पावणेतीन वर्षांत उभी राहिली. दर्शनी बाजू पश्चिमेला आणि पूर्ण काचेची. दुपारी दोननंतर आत भट्टी लावल्यासारखं होई, म्हणून सगळ्या दालनांत एसी बसवले. विजेचा वापर जुन्या कार्यालयाच्या साडेतीन पट झाला. सुवर्ण मानांकनाची पाटी काचेच्या दारावर होती, ती उन्हाने तापे.

त्याच सुमारास शासनाची एक स्पर्धा निघाली : सर्व नगरपरिषदांनी आपापल्या मालकीच्या प्रत्येक इमारतीचा वर्षभरातला ऊर्जावापर कळवावा. उत्कृष्ट इमारतीस प्रथम पुरस्कार. कैवल्य पुन्हा आला, नवा फॉर्म घेऊन. गाळे पाडले होते आणि नव्या इमारतीला अजून वर्ष व्हायचं होतं, म्हणून मी सातऐवजी सहा इमारतींचे आकडे भरून दिले. त्याने ते खालून वर पाहिले आणि एका ओळीवर त्याचं बोट थांबलं.

“मॅडम, ही कुठली? अख्ख्या वर्षात एक युनिट नाही!”

“कैवल्य, ती बंद आहे.”

“बंद आहे की चालू, असा रकाना नाहीये,” तो म्हणाला. या वेळी त्याने शोधूनही पाहिलं नाही.

पुरस्कार आला. ‘शून्य ऊर्जा वास्तू, प्रथम क्रमांक.’ ब्रासची जड पाटी होती. सभेने ठराव केला की ती त्याच इमारतीच्या दर्शनी भिंतीवर लावावी. तात्यांनी नारळ फोडला, पण लांबून. पाटी लावून घ्यायला मी थांबले. दगड इतका कठीण होता की ड्रिलची दोन पाती मोडली.

शिकलगार त्या दिवशी लसींचे डबे न्यायला तालुक्याला आले होते. मोटरसायकल थांबवून ते फाटकातून आत आले. आम्ही तीन वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. त्यांनी मला नमस्कार केला, मीही केला. मग ते पाटी वाचू लागले. वरपासून खालपर्यंत सावकाश वाचली.

“वीज शून्य?”

“शून्य.”

“पाणी?”

“तेही शून्य. कचरा शून्य. माणसांची ये-जा शून्य. सगळे आकडे खरे आहेत.”

त्यांनी पुढे होऊन भिंतीवर तळहात टेकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. जनावराच्या कुशीवर ठेवायचे तसा.

“खात नाही, पीत नाही, शेण टाकत नाही, हलत नाही,” ते म्हणाले. “मॅडम, आमच्या खात्यात अशा जनावराला आम्ही वेगळा दाखला देतो.”